पायाळूचा पाय, पामरचा हात

(द्वितीय वर्ष, कला)

मी पायाळू आहे. हा शब्द शहरातल्या पुष्कळांना ठाऊक नसतो, असे वसतिगृहात आल्यावर कळले. म्हणून आधी सांगते. जन्मताना ज्याचे डोके आधी न येता पाय आधी येतात त्याला पायाळू म्हणतात. आमच्या माण तालुक्यातल्या गावात पायाळू माणसाविषयी तीन गोष्टी पक्क्या समजल्या जातात. एक, त्याच्यावर वीज पडते. म्हणून वळवाच्या पावसात मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत. दुसरी, त्याला जमिनीखालचे धन दिसते. ते मला अजून एकदाही दिसलेले नाही, नाहीतर माझ्या वडिलांना वाशीच्या बाजारात गोण्या वाहाव्या लागल्या नसत्या. आणि तिसरी अशी, की कुणाच्या पाठीत वा कमरेत उसण भरली आणि पायाळू माणसाने तिथे पाय लावला, की उसण उतरते.

माझी ही 'प्रॅक्टिस' वयाच्या सहाव्या वर्षी सुरू झाली. दिवेलागणीला कुणीतरी कमरेवर हात ठेवून वाकडेतिकडे चालत आमच्या दारात येई. आजी ओसरीवर घोंगडे अंथरी. माणूस पालथा पडे, आणि आजी मला हाक मारी, "ये गं बाय, पाय लाव." मग मी भिंतीला धरून डावा पाय त्याच्या पाठीवर ठेवायचा, पाच वेळा दाबायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही आणि पैसा घ्यायचा नाही. असे तीन दिवस, रोज संध्याकाळी. पैशाऐवजी कुणी ओंजळभर शेंगा आणी, कुणी गुळाचा खडा हातावर ठेवी. चौथ्या-पाचव्या दिवशी तो माणूस रानात गेलेला दिसे. एवढेसे पोर मी, पण माझ्या पायाने गावचे मोठाले बाप्ये उठून चालू लागतात, याचा मला केवढा अभिमान होता! चौथीत 'मी कोण होणार' या निबंधात मी 'मी डॉक्टर आहेच' असे लिहिले होते, आणि बाईंनी 'आहेच' या शब्दाखाली लाल रेघ ओढली होती.

गेल्या वर्षी वसतिगृहात माझ्या खोलीतली मैत्रीण मोबाईलवर काहीतरी बघून हसत होती. मी डोकावले. परदेशातला एक डॉक्टर, पांढरास्वच्छ दवाखाना, मधे एक उंचसे चामड्याचे बाक आणि त्यावर पालथा पडलेला माणूस. डॉक्टरने त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले, अंगाचा भार टाकून एक झटका दिला, 'कट्' असा आवाज झाला, आणि तो माणूस तोंडभर हसला. मी म्हटले, "अगं, हे तर मी सहाव्या वर्षापासून करते!" मैत्रिणीला ते खरे वाटेना. पडद्यावर खाली लिहिले होते, 'कायरोप्रॅक्टर'. हा शब्द मी त्या दिवशी प्रथम वाचला. पुढे वर्षभर ग्रंथालयात आणि मोबाईलवर याविषयी मिळेल ते वाचत गेले. आमच्या इतिहासाच्या सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग लिहून काढ की वार्षिकांकासाठी. पण जे वाचलंस तेवढंच लिहू नकोस, जे केलंस तेही लिही." दुसरा भाग अवघड आहे. तो पुढे येईल.

कायरोप्रॅक्टिक हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'हात' आणि 'कृती' या दोन शब्दांवरून बनवलेला आहे. हाताने केलेले काम, असा त्याचा सरळ अर्थ. ही विद्या काढणारा डॅनियल डेव्हिड पामर १८४५ साली कॅनडात, टोरांटोजवळ जन्मला आणि वयाच्या विसाव्या वर्षी अमेरिकेत आला. तिथे त्याने शाळामास्तरकी केली, मधमाश्या पाळल्या, रासबेरीची रोपे विकली, किराणा दुकान चालवले. वैद्यकाचे शिक्षण म्हणावे तर शून्य. चाळिशी ओलांडल्यावर, १८८६ च्या सुमारास, तो 'चुंबकीय उपचार' करू लागला. आपल्या हातातून एक शक्ती रोग्याच्या अंगात जाते, असे सांगून अंगावर हात ठेवणारे लोक त्या काळी अमेरिकेत पुष्कळ होते. आमच्या गावच्या हिशेबाने पाहिले तर पामर हाताचा पायाळू होता.

मिसिसिपी नदीच्या काठी, आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट नावाचे गाव आहे. तिथे एका इमारतीत त्याची जागा होती, आणि त्याच इमारतीची झाडलोट हार्वे लिलार्ड नावाचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ करीत असे. त्याला सतरा वर्षे नीट ऐकू येत नव्हते. पामरने लिहून ठेवले आहे ते असे, की अडचणीच्या जागेत वाकून काम करताना पाठीत काहीतरी सटकल्यासारखे झाले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे लिलार्डने त्याला सांगितले. पामरने पाठ चाचपली, एक मणका त्याला जागचा हललेला वाटला; त्याने तो हाताने दाबून 'बसवला' आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले. ही १८९५ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. कायरोप्रॅक्टिकचा जन्म तेव्हापासून मोजतात. लिलार्डच्या मुलीने मात्र पुढे वेगळीच हकीकत सांगितली. थट्टामस्करी चालू असताना पामरने हातातल्या पुस्तकाने तिच्या वडिलांच्या पाठीवर थाप मारली, आणि त्यानंतर त्यांना बरे ऐकू येऊ लागले, असे तिचे म्हणणे. यातले खरे कोणते, हे ठरवायला आता कुणीच उरलेले नाही. पण शरीरशास्त्राचे कुठलेही पुस्तक उघडले तर कळते, की ऐकण्याची नस कानातून निघून कवटीच्या आतल्या आत मेंदूकडे जाते. पाठीच्या मणक्यातून ती जातच नाही.

पामर एवढ्यावर थांबला असता तर गावातल्या हाडवैद्यासारखा तोही विस्मरणात गेला असता. त्याने मोठा सिद्धांत मांडला. शरीरात एक उपजत शहाणपण वास करते, ते मज्जातंतूंतून सर्वत्र वाहते, मणका सरकला की त्याची वाट अडते आणि रोग होतो. शंभरातले पंचाण्णव रोग मणके सरकल्यामुळेच होतात, असे त्याने १९१० च्या आपल्या जाडजूड ग्रंथात लिहिले. रोगजंतू, लस या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. लसीकरणाला तर त्याचा विरोधच होता. वाचून हसू येते. पण मी फार हसत नाही, कारण दहा वर्षे माझाही तर्क हाच होता. पाय लावला आणि माणूस बरा झाला. म्हणून पाय लावल्यामुळे माणूस बरा झाला.

प्रत्यक्षात काय होते? एकाएकी भरलेली कमरेची उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप कमी होत जाते. स्नायू आखडलेले असतात, ते हळूहळू सैल होतात. आमच्या आजीचे 'तीन दिवस' किती हुशारीने ठरलेले होते, हे मला आता कळते! पहिल्या दिवशी माणूस सर्वांत जास्त दुखण्यात असतो, म्हणून तर तो येतो. त्यानंतर काहीही केले तरी उताराच असतो. यात फसवणूक कुणाचीच नव्हती. आजी मनापासून मानत होती, येणारा मानत होता, मी तर मानत होतेच. शिवाय आजी पाय लावून झाल्यावर तव्यावर मीठ तापवून फडक्याच्या पुरचुंडीने शेक देई. तो आम्ही जोडीचा उपचार समजत होतो, खरा उपचार पाय! अमेरिकेतल्या मोठ्या डॉक्टरांच्या एका संस्थेने २०१७ साली कंबरदुखीसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत ताज्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी शेक घ्या, असे म्हटले आहे. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "त्यात काय, शेक तर म्हशीला बी देत्यात."

आता त्या 'कट्' आवाजाविषयी. मोबाईल पाहणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना वाटते, की सरकलेला मणका खटकन जागेवर बसल्याचा तो आवाज आहे. तसे नाही. सांध्याच्या पिशवीत एक बुळबुळीत द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब घटतो आणि द्रवात पोकळी तयार होते, तेव्हा तो आवाज येतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली एमआरआय यंत्रात बोट ओढून ही पोकळी होताना चित्रित केली. बोटे मोडली की संधिवात होतो, असे आई सांगते. तसेच डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरला त्याच्या आईने सांगितले होते. त्याने साठ वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्याची सोडून दिली, आणि संधिवात कुठल्याच हाताला झाला नाही, असे लिहून प्रसिद्ध केले. त्याला २००९ साली गमतीचे नोबेल समजले जाणारे इग नोबेल पारितोषिक मिळाले. (आपल्याकडे बोटे मोडणे म्हणजे शिव्याशाप देणे. साठ वर्षे बोटे मोडणाऱ्याला आमच्या आळीत कुणी दारात उभे केले नसते.) तात्पर्य, आवाज म्हणजे इलाज नव्हे. आवाज ऐकून माणसाला बरे वाटते हे मात्र खरे, आणि बरे वाटणे हीही गोष्ट लहान नाही.

पामरने १८९७ मध्ये डॅव्हनपोर्टला शाळा काढली. सुरुवातीचे अभ्यासक्रम इतके आटोपशीर, की काही महिन्यांत माणूस कायरोप्रॅक्टर होऊन पाटी लावी. परवाना नसताना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये खुद्द पामरला शिक्षा झाली. दंड भरला असता तर तो सुटला असता. तो हट्टाने तुरुंगात गेला. पुढे शाळा मुलाच्या, बी. जे. पामरच्या ताब्यात गेली. हा मुलगा बापाहून वस्ताद. त्याने क्ष-किरणांचे यंत्र आणले, व्याख्याने दिली, एवढेच नव्हे तर १९२२ मध्ये रेडिओ केंद्र घेतले आणि कायरोप्रॅक्टिकचा गाजावाजा घरोघर पोचवला. त्याच केंद्रावर १९३२ मध्ये रोनाल्ड रेगन नावाच्या एका तरुणाला निवेदकाचे पहिले काम मिळाले. तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. हे आमच्या विषयात बसत नाही, पण इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने सोडवत नाही.

या लोकांपैकी शेकडो जण तुरुंगात गेले. एकेका राज्याने मग परवान्याचा कायदा केला. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये आधी केला, आणि लुइझियानाने सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये. डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमून कायरोप्रॅक्टिक नाहीसे करायचा चंग बांधला होता. डॉक्टरांनी त्यांच्याशी व्यावसायिक संबंध ठेवणे संघटनेच्या नीतिनियमांत बसत नसे. शिकागोच्या चेस्टर विल्क या कायरोप्रॅक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दावा लावला. अकरा वर्षांनी, १९८७ मध्ये, न्यायाधीश सुझान गेट्झेनडॅनर यांनी निकाल दिला, की असा बहिष्कार घालणे बेकायदा आहे. हा निकाल व्यापारस्पर्धेच्या कायद्याखाली होता. कायरोप्रॅक्टिकचा सिद्धांत खरा, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. दोन्ही बाजूंचे लोक हा फरक सोयीने विसरतात.

ज्याला आज अमेरिकेत कायरोप्रॅक्टर व्हायचे आहे त्याची वाट पामरच्या वाटेसारखी सोपी नाही. महाविद्यालयात बहुधा तीन-चार वर्षे काढून मग कायरोप्रॅक्टिकचा चार वर्षांचा अभ्यासक्रम. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या शिक्षणाची जी किमान पातळी सुचवली, तिच्यात एकूण ४२०० तास धरले आहेत आणि त्यांतले किमान १००० तास देखरेखीखाली रोगी तपासण्याचे. त्यात शरीररचना, रोगनिदान, क्ष-किरण चित्रांचे वाचन हे सगळे येते. मग राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा, मग ज्या राज्यात व्यवसाय करायचा तिथला परवाना. एवढे करून बहुतेक राज्यांत त्याला औषध लिहून देता येत नाही आणि शस्त्रक्रिया तर नाहीच. अशी सुमारे सत्तर हजार माणसे आज अमेरिकेत काम करतात.

हे वाचताना मला पहिल्यांदा एक प्रश्न पडला. झटका द्यायला शिकायला ४२०० तास कशाला लागतात? तो तर काही महिन्यांत हाताला बसत असला पाहिजे. अभ्यासक्रम बारकाईने पाहिला तेव्हा उलगडा झाला. पुष्कळसे तास हात लावण्याचे नसून, कुणाला हात लावायचा नाही हे ओळखण्याचे आहेत. पाठ दुखते म्हणून येणाऱ्यांतला एखादाच असा असतो, की त्याचे दुखणे उसणीचे नसते. मणक्यात कर्करोग उतरलेला असतो, हाड ठिसूळ होऊन दबलेले असते, किंवा मणक्याला क्षय झालेला असतो. त्याला बाकीच्यांतून वेगळा काढायचा. रात्री झोपेतही दुखते का, ताप येतो का, वजन उतरले का, पाय बधिर पडतात का, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का, बसायच्या जागेची संवेदना गेली का, हे विचारायचे. आणि यातले काही असेल तर हात मागे घेऊन रुग्णालयात पाठवायचे.

सर ज्या दुसऱ्या भागाविषयी म्हणाले तो आता लिहिते. मी अकरावीत असताना माझ्या थोरल्या चुलतीची पाठ दुखू लागली. ती सासुरवाशीण म्हणून घरात आली तेव्हापासून चार माणसांचे काम करणारी. तिची पाठ दुखणारच, असे सगळ्यांनी धरून चालले होते. मी पाय लावला. तीन दिवस लावला, मग पुन्हा आठवड्याने तीन दिवस, मग अमावास्या गेल्यावर आणखी. गुण येईना. ती वाळत चालली होती. आम्ही म्हणालो, दुखण्याने जेवण जात नाही. संध्याकाळी अंग कढत लागे. आम्ही म्हणालो, दिवसभर उन्हात असते. मी पाय ठेवला की ती पदर तोंडात धरून कण्हायची, आणि आजी म्हणायची, "सोस जरा, उसण जुनी हाय." असे तीन महिने गेले. मग एका सकाळी ती उठायला गेली आणि तिचे पाय तिला उचलेनात.

शहरातल्या रुग्णालयात मणक्याचा क्षय निघाला. मणका पोखरला गेला होता आणि आत साठलेला पू मज्जारज्जूवर दाबत होता. शस्त्रक्रिया झाली, वर्षभर गोळ्या चालल्या. क्षयाची औषधे सरकारकडून फुकट मिळतात आणि पुरती घेतली तर रोग बरा होतो, चुलतीचाही झाला. पण तिच्या डाव्या पायात पूर्वीचे बळ आले नाही. आता ती काठी घेऊन परसापर्यंत जाते. रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले होते, "एवढे दिवस काय करत होता?" आई, आजी, चुलते सगळे जमिनीकडे बघत उभे राहिले. माझे नाव कुणीही घेतले नाही. चुलतीनेही नाही. ती आजही मला काही बोलत नाही, उलट सुट्टीला गेले की माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवते. ती चटणी मला वसतिगृहात घशाखाली उतरत नाही. मैत्रिणी खातात.

त्यानंतर मी पाय लावणे बंद केले.

तेव्हा मोबाईलवरच्या त्या झटक्यांकडे मी दोन मनांनी पाहते. आजच्या अभ्यासांतून दिसते ते इतके, की कंबरदुखीवर हाताने मणक्यांना दिलेल्या उपचाराने काही जणांना थोडा उतार पडतो. व्यायाम किंवा इतर मान्य उपचारांनी पडतो साधारण तेवढाच. २०१७ च्या ज्या शिफारशींत आजीचा शेक आहे, त्यांतच मालिश आहे आणि हा उपचारही आहे. बाकी दमा, बहिरेपणा, पोटाचे विकार मणका दाबून बरे होतात याला आधार नाही. इंग्लंडमध्ये या व्यवसायावर देखरेख करणारी कायद्याने नेमलेली परिषद आहे. तिनेच २०१० साली आपल्या लोकांना बजावले, की 'सरकलेला मणका हे रोगाचे कारण' ही कल्पना आता इतिहासजमा समजा. पामरचा सिद्धांत पामरच्याच वारसांनी असा बाजूला ठेवला. सगळ्यांनी नाही, पण ठेवला. आणि मानेला दिलेल्या झटक्याविषयी तर सावध राहायलाच हवे. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने धमनीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. क्वचित घडते, पण घडते. आमचे वडील दाढी झाल्यावर न्हाव्याकडून मान 'मोकळी' करून घेत. मी फोनवर त्यांना तेवढे बंद करायला लावले.

निरोगी राहण्याविषयी या लोकांचे म्हणणे काय, तेही पाहिले. औषधाविना, शस्त्राविना शरीराला सुधारू द्या. रोज चाला, पुरेसे झोपा, वजन आटोक्यात ठेवा, एकाच जागी फार वेळ बसू नका, ओझे उचलताना ते अंगालगत धरा. यात न पटण्यासारखे काही नाही. विशेषतः कंबर दुखली तरी अंथरूण धरू नये, झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहावे, हे आता सगळेच डॉक्टर सांगतात. आमच्या गावात मात्र उसणवाल्याला अजूनही पंधरा-पंधरा दिवस झोपवून ठेवतात. दुखत नसतानाही महिन्या-दोन महिन्यांनी येऊन पाठ दाबून घ्या, असेही ते सुचवतात, तिथे मला शंका येते. स्वीडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पुन्हा पुन्हा कंबर दुखणाऱ्यांना अशा नियमित भेटींनी वर्षाकाठी सुमारे तेरा दुखरे दिवस कमी आले. पण ते वारंवार दुखणाऱ्यांपुरते. ज्याचे काही दुखतच नाही त्याने का जावे? घोंगड्यावर पालथे पडायला आमच्याकडे धडधाकट माणूस कधी आला नाही.

वडील सुट्टीवर आले तेव्हा हे सगळे त्यांना वाचून दाखवले. वाशीच्या बाजारात बावीस वर्षे गोण्या वाहून त्यांची कंबर कायमची धरलेली असते. ते शांतपणे ऐकत होते. पाठ ताठ कशी ठेवावी, हे वाचले तेव्हा म्हणाले, "पाठीवर गोणी घेतल्यावर कणा सरळ कसा ठेवायचा, त्येवढं त्या सायबाला इथं येऊन दावाय सांग." मी गप्प बसले. त्या पुस्तकांतला माणूस खुर्चीत बसून दुखणे ओढवून घेतो, आमचा माणूस ओझ्याखाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त ओझे हाताने वाहू नये. आपल्या राज्यात माथाडी कायदा १९६९ मध्ये झाला. वडिलांचे चुलते शंभर-शंभर किलोची पोती वाहत. ५० किलोवरची गोणी उचलणार नाही, असे आता माथाडी बोलू शकतात. हमालांच्या पाठीला सर्वांत मोठा आराम कुणाच्या हाताने वा पायाने दिला नसेल, तो पोत्याच्या वजनातल्या या उतरणीने दिला असेल, असे मला वाटते. हे आरोग्याच्या पुस्तकांत मात्र मला कुठे सापडले नाही.

आपल्याकडे कायरोप्रॅक्टरांसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. मोठ्या शहरांत परदेशात शिकून आलेले काहीजण आहेत. त्यांच्या शेजारी कोण कुठे किती शिकून पाटी लावतो, हे रोग्याने स्वतःच विचारून घ्यायचे. कंबरदुखीवर व्यायाम शिकवणारे भौतिकोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या गावीही मिळू लागले आहेत. मला विचाराल तर आधी डॉक्टर, मग ते.

गेल्या दिवाळीत मी घरी होते. पाडव्याच्या संध्याकाळी शेजारचे तात्या कमरेवर हात धरून आले. कांद्याचे पाट काढताना चमक भरली होती. मी म्हटले, "तात्या, मी पाय लावत नाही आता." ते ऐकेनात. मग मी त्यांना विचारू लागले. कधीपासून? पडलात का? ताप? रात्री झोप लागते? वजन उतरलंय? पाय बधिर होतात का? लघवी नीट होते का? या प्रश्नाला ते आजीकडे पाहून लाजले आणि मग चिडले, "डाक्तरीण झालीस व्हय गं? पाय लावतीस का न्हाई?" सगळ्यांची उत्तरे ठीक होती. चमक कालची होती. ओसरीच्या कडेला चुलती काठी टेकून बसली होती. ती म्हणाली, "लाव गं. इचारलंस न्हवं समदं? मग लाव."

आजीने घोंगडे अंथरले. मी मीठ तापवून शेक दिला, उद्यापासून थोडे थोडे चालायला सांगितले, पंधरा दिवसांत उतार नाही पडला तर मी स्वतः दवाखान्यात नेईन म्हणून बजावले, आणि शेवटी डावा पाय त्यांच्या पाठीवर नुसता टेकवला. दाबला नाही. चौथ्या दिवशी तात्या कांद्याला पाणी धरत होते. जाता-येता भेटेल त्याला ते सांगत होते, की पोरीच्या पायाला अजून गुण आहे, फक्त आता ती बोलते फार.